जोड बरोबरीची कशी ठरवायची?

मावळातल्या एखाद्या गावच्या जत्रेला गेलात, तर दुपारच्या कुस्त्यांच्या वेळी फडाच्या कडेला थोडे आधीच जाऊन बसावे. मोठ्या पैलवानांच्या कुस्त्या अगोदर ठरलेल्या असतात, त्यांत आपल्या विषयाचे काही नाही. पाहण्यासारख्या असतात त्या सुरुवातीच्या, लहान पोरांच्या कुस्त्या. पूर्वी या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागत. लंगोट लावलेली दहा-पंधरा पोरे गोळा होतात. पंच एकाचा दंड धरून त्याला पुढे ओढतात, दुसऱ्याला त्याच्या शेजारी उभे करतात, खांद्याला खांदा लावून पाहतात, मनगट चाचपतात. एखाद्याच्या ओठावर लव दिसली, की "हा थोराड आहे, दुसरा आणा" म्हणून त्याला मागे सारतात. ना वजनकाटा, ना जन्माचा दाखला. एक-दोन मिनिटांत जोड लागते आणि बहुतेक वेळा ती बरोबरीची निघते.

शाळेच्या मैदानावर हेच काम आपण कागदावर करतो. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, अमुक किलोच्या आतील असे गट पाडतो आणि गट पाडला म्हणजे न्याय झाला असे धरून चालतो. पण वाढीच्या वयातील दोन मुलांना 'बरोबरीचे' म्हणायचे ते कशावरून? वयावरून, वजनावरून, उंचीवरून, की दमावरून? या प्रश्नावर डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि व्यायामशिक्षक शंभरहून अधिक वर्षे डोके लढवीत आहेत. त्या इतिहासाचे एक पान आपल्या लोणावळ्यात लिहिले गेले आहे.

पोटात पारा आणि क्ष-किरण

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली गुजरातेत डभोई येथे झाला. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ते ओळखले गेले. तरुणपणी, १९०७ ते १९१० या काळात, त्यांनी बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तालीम केली. म्हणजे दंड, बैठका, लाठी, मल्लखांब यांची माती त्यांच्या अंगाला लागलेली होती. योगाकडे ते त्यानंतर वळले.

त्या काळी योगाबद्दल बोलणाऱ्यांची वाण नव्हती. गुणे यांचे वेगळेपण असे, की त्यांना बोलण्यापूर्वी मोजायचे होते. १९२०च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली करणाऱ्या व्यक्तींच्या पोटाची क्ष-किरणांनी तपासणी केली. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकांतून नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब किती उतरतो हे पाऱ्याच्या दाबमापकाने मोजून छापलेले आहे. पुढे सर्वांगासनात रक्तदाब किती चढतो, हेही आले. आजच्या निकषांनी हे प्रयोग तोकडे होते. प्रयोगाला बसणारी माणसे मोजकी आणि तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नाहीच. तरीही व्यायामाबद्दलचा दावा आकड्यांवर पारखून घ्यायचा, ही सवय आपल्याकडे ज्यांनी लावली त्यांत लोणावळ्याचे नाव वरचे आहे.

शाळांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९३७. त्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाठोपाठ १९३८ साली कांदिवली येथे व्यायामशिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तोपर्यंत शाळेतला व्यायामशिक्षक म्हणजे बहुतेक ठिकाणी सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार किंवा गावचा वस्ताद. कवायत करून घेणारा हा माणूस यापुढे शरीरशास्त्र शिकलेला असावा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. या शिकलेल्या शिक्षकापुढे पहिला व्यावहारिक प्रश्न कोणता आला असेल? वर्गातल्या पन्नास मुलांचे गट कसे पाडायचे, हाच.

वीस गुणिले वय

या प्रश्नाला त्याच सुमारास अमेरिकेतून एक उत्तर आले होते. आयोवा विद्यापीठातील चार्ल्स मॅक्क्लॉय यांनी धावणे, उड्या, गोळाफेक यांतील मुलांची कामगिरी आणि त्यांचे वय, उंची, वजन यांची सांगड घालून १९३०च्या दशकात एक सूत्र दिले. माध्यमिक शाळेतील मुलांसाठी ते असे होते:

गटांक = (२० × वय, वर्षांत) + (६ × उंची, इंचांत) + वजन, पौंडांत

उदाहरण घेऊ. पहिला मुलगा १४ वर्षांचा, उंची ६० इंच, वजन ९० पौंड. त्याचा गटांक २८० + ३६० + ९० = ७३०. दुसराही १४ वर्षांचाच, पण उंची ६४ इंच आणि वजन ११० पौंड. त्याचा गटांक ७७४. तिसरा १६ वर्षांचा, पण अंगाने पहिल्याइतकाच, त्याचा ७७०. म्हणजे सूत्राच्या मते पहिल्या दोघांना एका गटात घालणे अन्यायाचे. दुसरा आणि तिसरा मात्र जवळजवळ तोडीस तोड. एक वर्ष वय हे सव्वातीन इंचांहून थोड्या अधिक उंचीइतके किंवा वीस पौंड वजनाइतके मोलाचे, असा हा हिशेब आहे. मॅक्क्लॉय यांना असेही दिसले, की प्राथमिक शाळेतल्या मुलांत उंचीचा वेगळा उपयोग होत नाही आणि सतरा वर्षांनंतर वय मोजण्यात अर्थ उरत नाही. म्हणून त्या गटांसाठी त्यांनी वेगळी सूत्रे दिली.

आपल्याकडे खो-खोच्या कुमारांच्या स्पर्धांत याच जातीची, पण अधिक सोपी पद्धत वापरली गेली. वय वर्षांत, उंची सेंटीमीटरमध्ये आणि वजन किलोत घेऊन त्यांची सरळ बेरीज करायची आणि ती ठरावीक अंकाच्या आत हवी असा नियम करायचा. विज्ञानाच्या शिक्षकाला येथे ठेच लागायला हवी. वर्षे, सेंटीमीटर आणि किलो यांची बेरीज म्हणजे काय? वर्गात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. १४ वर्षे, १५० सेंमी, ४० किलो यांची बेरीज २०४. त्याच मुलाची उंची इंचांत (५९) आणि वजन पौंडांत (८८) घेतले, तर बेरीज १६१. आकडा बदलला हे तर झालेच, पण खरी गंमत पुढे आहे. पहिल्या बेरजेत एक किलो वजन आणि एक सेंटीमीटर उंची यांचे मोल सारखे. दुसऱ्या बेरजेत तेच एक किलो २.२ गुणांचे होते आणि एक सेंटीमीटर ०.४ गुणांचा. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे हे अनुभवाने ठरायला हवे. येथे ते मोजपट्टीने ठरवून टाकले. शिवाय वर्गातील मुलांच्या उंचीत वीस-वीस सेंटीमीटरचा फरक असतो, वयात दोन-तीन वर्षांचा. त्यामुळे अशा बेरजेत वयाचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. मॅक्क्लॉय यांनी वयाला २०ने गुणले ते उगाच नव्हे.

थोरला आकार, थोरली ताकद?

आकार मोठा म्हणजे कामगिरी मोठी, हे तरी खरे का? याचे उत्तर देण्यासाठी थेट गॅलिलिओपर्यंत मागे जावे लागते. १६३८ सालच्या ग्रंथात त्याने दाखवले, की एखादी आकृती सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढवली, तर तिचे छेदक्षेत्र वर्गाने वाढते आणि घनफळ घनाने. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदक्षेत्रावर अवलंबून असतो. वजन मात्र घनफळावर. उंची १० टक्के वाढली, तर ताकद साधारण २१ टक्के वाढेल, पण वाहायचे वजन ३३ टक्के वाढेल. म्हणून मल्लखांबावर, दोरीवर आणि एकेरी बारवर लहानखुरी मुले पाखरासारखी चढतात, आणि गोळाफेकीत किंवा चवड्याने धरलेला चढाईपटू मागे खेचण्यात थोराड मुलगा भारी पडतो. कबड्डीचा खेळ या दोन्हींच्या मध्ये आहे. हुलकावणीला हलके अंग लागते, पकडीला जड.

अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये, १८९६ साली, कुस्तीला वजनगटच नव्हते. तेथे जर्मनीच्या कार्ल शूमान नावाच्या बुटक्या कसरतपटूने आपल्याहून कितीतरी धिप्पाड अशा ब्रिटिश वजनउचल्याला, लॉन्सेस्टन इलियटला, पाडले आणि स्पर्धा जिंकली. अशा गोष्टी लक्षात राहतात त्या विरळा म्हणून. वजनगट नसते, तर १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांना, ५७ किलोच्या गटातले ते कांस्यपदक मिळण्याची शक्यता कितपत होती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

एवढेच काय, दम मोजण्याच्या चाचण्याही आकाराच्या तावडीतून सुटत नाहीत. १९४३ साली हार्वर्ड विद्यापीठात लुसियन ब्रूहा यांनी बाकावर चढण्या-उतरण्याची चाचणी बसवली. २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा, असे पाच मिनिटे चढायचे-उतरायचे आणि नंतर नाडी मोजायची. नाडी जितकी लवकर खाली येईल तितका दम चांगला. कमी साधनांत होणारी ही चाचणी आपल्याकडच्या व्यायाम महाविद्यालयांत फार लोकप्रिय झाली. पण साडेचार फुटांच्या मुलाला वीस इंचांचा बाक म्हणजे जवळजवळ मांडीपर्यंत येणारी पायरी. तो लवकर दमला, तर दोष हृदयाचा की तंगड्यांचा? पुढे किशोरांसाठी बाकाची उंची कमी करण्यात आली, त्यामागे हेच कारण होते.

आकाराचा संबंध तोडून क्षमता पाहण्याचा एक प्रयत्न क्राउस आणि वेबर यांच्या सहा चाचण्यांनी केला. गुडघे न वाकवता जमिनीला बोटे टेकणे, उताणे झोपून पाय उचलून धरणे अशा या चाचण्या. प्रत्येकाला आपलेच अंग पेलायचे, त्यामुळे थोराड मुलाला आयता फायदा नाही. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांनी अमेरिका हादरली. तेथील सुमारे ५८ टक्के मुले निदान एका चाचणीत नापास झाली, तर ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमधील नापास मुलांचे प्रमाण अवघे ९ टक्क्यांच्या आसपास होते. चांगली पोसलेली, मोटारीने शाळेत जाणारी मुले युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशांतील मुलांपुढे फिकी पडली. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी खास परिषदच नेमली.

या चाचण्या लोणावळ्यालाही पोचल्या. कुवलयानंद १९६६ साली निवर्तले, पण १९७०नंतर कैवल्यधामात डॉ. म. ल. घरोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंची किमान क्षमता आणि शारीरिक क्षमतेच्या इतर चाचण्या घेऊन शाळकरी मुलांवर अभ्यास केले. योगाभ्यास करण्यापूर्वी मूल काय करू शकत होते आणि काही आठवड्यांनी काय करू लागले, अशी ही तुलना. येथे मुलाची जोड दुसऱ्या मुलाशी लागत नाही, त्याच्याच आधीच्या रूपाशी लागते. मला स्वतःला लोणावळ्याच्या कामातली ही गोष्ट नौलीच्या दाबापेक्षा मोलाची वाटते. अर्थात सामना खेळायचा तर समोर कोणीतरी लागतोच, आणि मग गटांचा प्रश्न पुन्हा दाराशी उभा राहतो.

बर्फावरची जन्मतारीख

मावळात पाऊस धो धो, पण बर्फ दिसतो तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. तरीही आपल्या प्रश्नाची दुखरी नस सापडली ती बर्फावरच्या हॉकीत, आणि तीही कॅनडात. तेथील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली सामना पाहायला गेले असताना त्यांच्या पत्नीचे लक्ष कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या खेळाडूंच्या जन्मतारखांकडे गेले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा! १९८५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे योगायोगाने घडत नसल्याचे दिसले. निवडक संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुले शेवटच्या तिमाहीत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक होती.

कारण साधे होते. वयोगट १ जानेवारीला कापला जाई. दहा वर्षांच्या गटात जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणजे साधारण पाच सेंटीमीटर उंच आणि अंगाने भरलेला. प्रशिक्षकाला तो 'गुणी' दिसतो. त्याची निवड होते, त्याला चांगले मार्गदर्शन आणि अधिक सामने मिळतात, आणि चार वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला खेळू लागतो. डिसेंबरातला तोवर खेळ सोडून गेलेला असतो. फूटबॉल आणि इतर खेळांतही पुढे हेच आढळले.

आपल्याकडे हा अभ्यास करायचा तर वेगळीच अडचण. जुन्या शाळांचे दाखलपट उघडून पाहा. १ जून या दिवशी जन्मलेल्यांची तेथे जत्रा भरलेली दिसेल. वर्ष जूनमध्ये सुरू होई, आईबापांना तारीख आठवत नसे आणि गुरुजींना रकाना भरायचा असे. १९६९च्या कायद्यानंतर जन्मनोंदणी हळूहळू सुधारली, तरी ज्या वयोगटांवर आपण इतका भरवसा ठेवतो त्यांचा पाया बराच काळ असा भुसभुशीत होता.

आणि जन्मतारीख खरी असली, तरी पुरत नाही. फ्रान्समधील माँबेयार या गृहस्थाने १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठरा वर्षे वरचेवर मोजून ठेवली. उंची सारख्या वेगाने वाढत नाही, पौगंडावस्थेत ती एकदम उसळी घेते, हे त्या नोंदींवरून आजही स्पष्ट दिसते. ही उसळी मुलींत सरासरीने बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येते. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षे मागेपुढे होणे अगदी निरोगी मुलांतही घडते. न्यूयॉर्कच्या शाळांतील मुले तपासणाऱ्या डॉ. क्रॅम्प्टन यांनी १९०८ सालीच बजावले होते, की एकाच वयाची मुले शरीराने वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. त्यांचे गट दाखल्यावरच्या वयाने पाडू नयेत, शरीराच्या वयाने पाडावेत. जत्रेतला पंच ओठावरची लव पाहतो तेव्हा तो क्रॅम्प्टनचीच कसोटी लावीत असतो. आमच्या क्रीडाखात्यांच्या कागदांवर मात्र या कसोटीला रकाना नव्हता.

आता हाडांचे वय क्ष-किरणांनी पाहता येते. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचे चित्र घेऊन टॅनर आणि व्हाइटहाउस यांच्या पद्धतीने ते ठरवले जाते. हेतू आहे खोट्या जन्मतारखा पकडण्याचा. येथे एक घोटाळा लक्षात ठेवला पाहिजे. हाडांचे वय शरीर किती पिकले ते सांगते, जन्माला किती वर्षे झाली ते नव्हे. लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगा त्यात बाद ठरू शकतो.

पंचावन्न किलो

कबड्डीने आपला मार्ग निराळा काढला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिनला हा खेळ करून दाखवला, १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत तो आला, १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत त्याला पदक मिळू लागले. नियम पक्के होत गेले तसे वयाच्या जोडीला वजनही आले. किशोर गटाला वय १६ आणि वजन ५५ किलोच्या आत, कुमार मुलांना २० वर्षे आणि ७० किलो. वय आणि वजन असे दुहेरी कुंपण असल्यामुळे हा नियम नुसत्या वयोगटापेक्षा निश्चित बरा आहे. लहानखुऱ्या पोरांना त्याने मैदान मिळवून दिले.

पण कुंपणाजवळ काय घडते ते प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाहिलेले असते. वजनाच्या दिवशी सकाळपासून न जेवलेली, दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारणारी, थुंकी टाकत बसलेली मुले. काट्यावर ५५ दिसले की टाळ्या. अशा वेळी उतरते ते बहुतेक पाणी. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांइतके घटले, म्हणजे या मुलांत साधारण एक किलो, तरी दम कमी होऊ लागतो. आणि हे ज्या वयात चालते, त्याच वयात शरीर वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर वाढण्याच्या घाईत असते. कापायला निघालेला किलो हा पुष्कळदा त्या मुलाच्या वाढीचाच असतो.

इंग्लंडमधील व्यावसायिक फूटबॉल संघांच्या प्रबोधिनींनी २०१५ साली एक स्पर्धा वेगळ्या रीतीने भरवली. मुलाच्या आजच्या उंचीवरून आणि आईवडिलांच्या उंचीवरून तो पूर्ण वाढल्यावर किती उंच होईल याचा अंदाज बांधला आणि त्या उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांवर पोचलेली मुले एका गटात खेळवली, मग त्यांची वयेही थोडी मागेपुढे. उशिरा वाढणाऱ्यांना प्रथमच चेंडू पायात राहू लागला. लवकर वाढलेल्यांना धक्क्याने काम भागेना, डोके चालवावे लागले. ही पद्धत नेहमीच्या गटांच्या जोडीला सरावासाठी वापरतात, त्यांच्या जागी नव्हे.

आपल्या शाळेत यासाठी क्ष-किरण नकोत की संगणक नको. भिंतीवर मोजपट्टी आणि एक वही पुरते. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक मुलाची उंची घ्यावी. सहा महिन्यांत अडीच-तीन सेंटीमीटर वाढ म्हणजे नेहमीची चाल. चार-पाच सेंटीमीटर दिसली, तर उसळी सुरू झाली. त्या मुलाला वजन उतरवायला कोणी सांगू नये आणि त्याचा झेल सुटू लागला किंवा पाय अडखळू लागला तर संघातूनही काढू नये. हातपाय लांब झाले की मेंदूला नवा अंदाज बसवायला थोडे महिने लागतात. मात्र मोजताना एक पथ्य पाळावे. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबल्याने सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सुमारे एक सेंटीमीटरने कमी भरते. तेव्हा दोन्ही मोजण्या दिवसाच्या एकाच वेळी, शक्यतो प्रार्थना संपल्याबरोबर, बूट काढून घ्याव्यात.